अक्षरं सरळ बसली पाहिजेत : गाडीवरचे बॅज काढणं आणि पुन्हा लावणं

भावाच्या गाडीला मागून धडक बसली होती. डिकीचं झाकण ठोकून, रंगवून परत आलं. रंग अगदी जुळला होता, पत्र्यात कुठे लाट नव्हती. पण मॉडेलच्या नावातली सहा अक्षरं पुन्हा चिकटवताना शेवटची दोन खाली उतरली होती. पट्टी लावली तर फरक जेमतेम ३ मिलिमीटर. भाऊ म्हणाला, "ताई, एवढं कोण बघतंय?" मी बघत होते. आमचे अण्णा पाट्या रंगवायचे. दोरीला खडू चोळून फळ्यावर रेघ उमटवायची असली की दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात असायचं. रेघेवरून घसरलेलं अक्षर मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

ती अक्षरं मी काढली आणि पुन्हा लावली. त्यानंतर नात्यातल्या, शेजारच्या बऱ्याच गाड्यांचे बॅज माझ्या हातून निघाले आणि लागले. कुणाचं क्रोम सोलवटलं होतं, कुणाला व्हेरियंटचं नाव नको होतं, कुणाच्या लोगोचा रंग उडाला होता. काम अवघड नाही. त्याचा वेग मात्र हळू आहे, आणि तो पाळावा लागतो.

आधी पाहा, बॅज कशाच्या आधारावर आहे

मॉडेलची सुटी अक्षरं, इंजिनचे आकडे, फेंडरवरच्या छोट्या पट्ट्या हे सगळं बहुतेक नव्या गाड्यांवर नुसत्या दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या फोम टेपवर असतं. गोल लोगोच्या मागे टेपबरोबर बऱ्याचदा दोन बारीक खुंट्या असतात. त्या पत्र्यातल्या भोकांत बसतात आणि लोगो फिरू देत नाहीत. ग्रिलमधला लोगो सहसा मागून क्लिपांनी किंवा स्क्रूंनी धरलेला असतो. तिथे पुढून ओढलं तर ग्रिलच मोडेल. जुन्या गाड्यांवरच्या धातूच्या बॅजना मागून खुंट्या असतात आणि त्यांवर दाबून बसवलेल्या चकत्या असतात. त्या आतल्या बाजूनेच सोडवायच्या.

ओळखायचं कसं? डिकीच्या झाकणाचं आतलं अस्तर सोडवा आणि टॉर्च मारून बॅजच्या मागची जागा बघा. भोकं असतील तर खुंट्यांची टोकं किंवा रबरी बुचं दिसतात. आणखी सोपं म्हणजे त्याच भागाच्या नव्या सुट्या बॅजचा पाठीमागून काढलेला फोटो शोधा.

भोकं आहेत आणि तुम्हाला झाकण कोरं हवंय, तर इथेच थांबून विचार करा. ती भोकं बुजवणं आणि झाकण रंगवणं हे डेंटिंग-पेंटिंगवाल्याचं काम आहे. नुसतं काहीतरी भरून ठेवलं तर कडेने पाणी शिरतं आणि पत्रा आतून गंजतो. मी अशा वेळी बॅज तसाच ठेवायला सांगते, नाहीतर त्याच भोकांत बसणारा दुसरा लावायला.

काही बॅज नुसती शोभा नसतात. समोरच्या गाडीचं अंतर मोजून वेग कमी-जास्त करणारी यंत्रणा ज्या गाड्यांत आहे, त्यांतल्या काहींचा रडार पुढच्या लोगोच्याच मागे असतो. टोयोटा आणि मर्सिडीजच्या अनेक गाड्यांत असं आहे. तो लोगो दिसायला सपाट, काचेसारखा असतो, आणि त्याचं प्लॅस्टिक, जाडी, मुलामा हे सगळं रडारच्या लहरी नीट आरपार जाव्यात म्हणून ठरवलेलं असतं. तिथे बाजारातला कुठलाही चकचकीत लोगो, काळा रंग किंवा स्टिकर लावायचा नाही. यंत्रणा एक तर बंद पडेल, नाहीतर चुकीचं वाचेल. फोक्सवॅगनच्या गोल्फसारख्या गाड्यांत मागचा लोगो हेच डिकीचं हँडल असतं, आणि काही गाड्यांत रिव्हर्सचा कॅमेराही त्याच्यामागे लपलेला असतो. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड लिहिलेला बॅजही मी काढत नाही. अपघातानंतर गाडी कापायला आलेल्या बचाव पथकाला आत उच्च दाबाची बॅटरी आहे हे कळायची ती एक खूण असते.

ही टेप असते कशी

हे समजलं की बाकीचं काम हाताला आपोआप कळतं. बॅजमागची टेप म्हणजे अॅक्रिलिकचा दाट फोम, जाडी साधारण एक मिलिमीटरच्या आसपास. घट्ट गोंदाऐवजी फोम कशाला? ऊन पडलं की प्लॅस्टिकचा बॅज पत्र्यापेक्षा जास्त फुगतो, गारव्यात जास्त आकसतो. कडक गोंद असता तर या ओढाताणीत तडकला असता. फोम मधल्या मध्ये ताणला जातो आणि दोघांनाही धरून ठेवतो. शिवाय पत्र्याचा बारीक उंचसखलपणाही तो भरून काढतो.

हा फोम झटका दिला की कडक होतो आणि हळू, सतत ओढलं की सैलावतो. थंडीत ताठ होतो, उबेत मऊ पडतो. म्हणजे बॅज उचकटायला गेलात तर फोम सगळ्या ताकदीनिशी प्रतिकार करणार, आणि ती ताकद जाणार बॅजच्या क्रोमवर किंवा गाडीच्या रंगावर. ऊब द्या आणि सावकाश कापा, की तोच फोम लोण्यासारखा दुभंगतो.

लोखंडी पातं कितीही टेप गुंडाळून घेतलं तरी नको. पहिल्या वेळी मी पुट्टी लावायच्या पातीला कापडी चिकटपट्टी गुंडाळून ती बॅजखाली सारली होती. एका कोपऱ्यात जोर लावला, पाती सटकली आणि फेंडरवर दोन सेंटिमीटरची रेघ थेट प्रायमरपर्यंत गेली. ती रेघ अजून तिथेच आहे. तेव्हापासून माझ्या हातात फक्त तंगूस असते, म्हणजे मासे पकडायच्या गळाची नायलॉनची दोरी.

कागदावरचा ठसा

काढायच्या आधी जागेची नोंद घ्या. फोटो काढाच, पण फोटोवर विसंबू नका; कॅमेरा जरा तिरपा झाला की मापं फसवी होतात. मी ठसा घेते. पातळ कागद, बटर पेपर चालतो, अक्षरांवर ताणून चारही बाजूंनी मास्किंग टेपने पक्का करायचा. मग मऊ पेन्सिल आडवी धरून घासायची, लहानपणी वहीच्या पानाखाली नाणं ठेवून उमटवायचो तशी. अक्षरांच्या कडा काळ्या, ठसठशीत उमटतात. कागद मोठा घ्या, म्हणजे झाकणाची खालची कड किंवा बाजूची कडही त्याच ठशात येईल. नंतर कागद त्या कडेला जुळवला की अक्षरं बरोबर आपल्या जागी येतात. ठशावर 'डावी', 'उजवी', 'वर' लिहून ठेवा.

मापं घ्यायची ती झाकणाच्याच कडेपासून. बंपरपासून घेऊ नका, कारण बंपर एकदा निघून बसला की दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे होतो. पाणसळही इथे उपयोगाची नाही. गाडी उभी आहे ती जमीन, टायरमधली हवा, आतलं सामान या सगळ्यावर गाडीचा कल ठरतो. अक्षरं जमिनीला नाही, झाकणाला समांतर हवीत.

नवं झाकण आलंय आणि जुना ठसा नाही, अशा वेळी तेच मॉडेल, तेच वर्ष असलेली दुसरी गाडी शोधून, मालकाला विचारून तिच्यावरून ठसा घ्यायचा. भावाच्या गाडीसाठी मी हेच केलं.

काढणं

बॅजभोवतीची जागा शाम्पूच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा. अक्षरांच्या खोबणीत बारीक वाळू अडकलेली असते; मऊ दाताच्या ब्रशने ती काढा. नाहीतर दोरा तीच वाळू घेऊन रंगावर फिरेल. अक्षरांच्या वर-खाली, अगदी कडेला भिडवून मास्किंग टेपचे दोन थर लावा.

मग हेअर ड्रायर. १० ते १५ सेंटिमीटरवरून, एका जागी न थांबता, मिनिट-दोन मिनिटं. पत्र्यावर तळहात टेकवून बघा. चांगलाच गरम लागला पाहिजे, पण तीन-चार सेकंद हात ठेवता आला पाहिजे. हात लगेच मागे घ्यावा लागला तर जास्त झालं. हीट गनची हवा कित्येक शे अंशांपर्यंत तापते. सवय नसेल तर ती वापरू नका. बॅज वाकतो, प्लॅस्टिकच्या बंपरला लाट येते, रंगाला फोड येतात. कडक उन्हात उभी असलेली गाडी असेल तर निम्मं काम उन्हानेच केलेलं असतं.

आता तंगूस. ०.४ ते ०.५ मिलिमीटर जाडीची, हातभर तुकडा. बोटं कापू नयेत म्हणून दोन्ही टोकं पेन्सिलीच्या तुकड्यांना गुंडाळा. दात साफ करायचा फ्लॉस छोट्या अक्षरांना पुरतो, मोठ्या लोगोला तुटतो. दोरी अक्षराच्या वरच्या कडेमागे घाला आणि करवतीसारखी डावी-उजवीकडे ओढत खाली आणा. ओढ नेहमी बॅजच्या पाठीकडे असू द्या, पत्र्याकडे नको. बरोबर चाललं असेल तर फोम मधोमध चिरला जातो, थोडा बॅजवर आणि थोडा पत्र्यावर राहतो. हाताला जाणवतं ते, पनीरमधून दोरा फिरावा तसं. दोरी जड झाली तर ओढू नका. फोम गार पडलाय, पुन्हा ड्रायर फिरवा. आणि कितीही उबेनंतर दोरी एकाच बिंदूला अडत असेल, तर तिथे खुंटी आहे. तिच्या दोन्ही बाजूंचा फोम कापून घ्या आणि मग बॅज सरळ आपल्याकडे ओढा, तिरपा नको.

शेवटच्या सेंटिमीटरला दुसऱ्या कुणाला तरी बॅजखाली हात धरायला सांगा. सुटलेलं अक्षर पडताना बंपरवर ओरखडा काढून जातं. बॅज पुन्हा वापरायचा असेल तर तो वाकू देऊ नका. आत एबीएस प्लॅस्टिक आणि वर तांबं, निकेल, क्रोमचे अतिशय पातळ थर असतात. प्लॅस्टिक वाकेल, क्रोम तडकेल, आणि ती तड पुढे सोलत जाते.

उरलेला फोम

यात सगळ्यात जास्त वेळ जातो आणि माणसं इथेच चिडून चुका करतात. आधी पुन्हा ऊब द्या आणि अंगठ्याने फोम एका कडेपासून गोळा करत लोळवा. खोडरबर घासल्यावर सुटतात तशा त्याच्या वळ्या होतात. जेवढं अंगठ्याने निघेल तेवढं काढाच, कारण जाड थरावर ओतलेलं द्रावण फुकट जातं. ड्रायर बंद करून, प्लग काढून बाजूला ठेवा, आणि मगच द्रावणाची बाटली उघडा. यातली बहुतेक द्रावणं पेट घेणारी असतात.

संत्र्याच्या सालीच्या तेलापासून बनलेलं गोंद काढायचं द्रावण किंवा गाडीवरचं डांबर काढायचं द्रावण, दोन्ही चालतात. कापडाला लावून ते फोमवर दोन-तीन मिनिटं ठेवायचं आणि मग पुसायचं. रॉकेलनेही निघतं, पण वेळ लागतो आणि मागे तेलकट थर राहतो. थिनर आणि अॅसिटोन लांब ठेवा. दुरुस्तीत रंगवलेल्या पत्र्यावर तर अजिबात नको. तो रंग कारखान्यातल्या भट्टीत भाजलेल्या रंगाइतका सहसा टिकाऊ नसतो, लगेच मऊ पडतो. पेट्रोलही नको, त्याची वाफ क्षणात पेटते. कुठलंही द्रावण आधी आतल्या, न दिसणाऱ्या कडेला लावून बघा.

ड्रिलला लावायचं रबरी चाक मिळतं. चालतं चांगलं, पण वेग कमी हवा आणि हात सतत हलता. एका जागी दोन सेकंद जास्त थांबलं तरी रंग जळतो. प्लॅस्टिकच्या बंपरवर मी ते वापरत नाही.

फोम गेला की खाली अक्षरांची सावली दिसते. ती दोन प्रकारची असते. एक म्हणजे कडेने साचलेला मळ आणि पॉलिशचे पांढरे अवशेष. ते पॉलिशने जातात. दुसरी खरी सावली : आजूबाजूचा रंग उन्हाने उतरलेला असतो आणि बॅजखालचा मूळ तसाच राहिलेला असतो. बारीक पॉलिश हाताने फिरवलं की कडा मऊ होतात, पण गाडी जुनी असेल तर फरक पूर्ण जात नाही. जास्त घासायचा मोह आवरा. क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, सहसा ४०-५० मायक्रॉनच असतो, आपल्या केसाहूनही पातळ. तो संपला की मागे फिरता येत नाही. सावली राहणार असं दिसलं तर त्या जागी तेवढाच किंवा त्याहून मोठा बॅज लावणं उत्तम.

लावणं

बॅजच्या पाठीवरचा जुना फोम पूर्ण काढा. जुन्यावर नवी टेप लावली तर ती जुन्याच्याच भरवशावर राहते. बॅज द्रावणात बुडवून ठेवू नका, नुसती पाठ पुसा. मग बाहेरच्या भागांसाठी असलेली अॅक्रिलिक फोम टेप घ्या. तिचा रुंद तुकडा बॅजच्या पाठीवर लावून धारदार ब्लेडने कडेच्या एक मिलिमीटर आतून कापा, म्हणजे बाहेरून काळी-करडी किनार दिसणार नाही. बारीक अक्षरांना ३ ते ५ मिलिमीटर रुंदीची पट्टी बरी. वळणावर एकच तुकडा वाकवण्यापेक्षा छोटे तुकडे टोकाला टोक भिडवून लावा. फटींतून पाणी आत शिरून मळ साचतो.

झटपट चिकटणारा सुपर ग्लू नको. तो ठिसूळ असतो, त्याच्या वाफेने भोवतालच्या रंगावर पांढुरका थर येतो, आणि पुढे काढताना रंगासकट येतो. सिलिकॉनही नको, त्याचा अंश राहिला तर पुढे त्या झाकणावर रंग नीट बसत नाही, खड्डे पडतात.

पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी सारख्या प्रमाणात मिसळून पुसा. एका दिशेने पुसा आणि दुसऱ्या कोरड्या कापडाने लगेच टिपून घ्या. मेण, पॉलिश, सिरॅमिक कोटिंग यांवर टेप धरत नाही, म्हणून तेवढी जागा खरोखर कोरी झाली पाहिजे. त्यानंतर बोट लावायचं नाही. हवा साधारण २० ते ३८ अंश असेल तर टेप पहिल्याच दाबात नीट पसरते. १० अंशांच्या खाली लावू नका. वरवर चिकटल्यासारखी वाटते आणि आठवड्याने कोपरा सुटतो. झाकण नुकतंच रंगवलं असेल तर रंग पूर्ण सुकायला किती दिवस द्यायचे ते रंगवणाऱ्यालाच विचारा.

आता ठसा. त्यातली अक्षरं ब्लेडने कापून काढा. उरतो तो अक्षरांच्या खिडक्या असलेला कागद. तो झाकणाच्या कडेला जुळवून टेपने बसवा, चार-पाच पावलं मागे जा आणि बघा. मग गाडीच्या मधोमध उभं राहून, आणि एकदा गुडघ्यावर बसून. झाकण फुगीर असतं, त्यामुळे उभं राहून सरळ दिसलेली ओळ बसल्यावर वाकडी दिसू शकते. ठशाची मापं आणि डोळा यांत भांडण झालं, तर ठसा पुन्हा तपासा. बहुधा कागद कुठेतरी सुटलेला असतो.

नवंच नाव लावायचं असेल आणि अक्षरं सुटी आली असतील, तर अक्षरांमधली अंतरं पट्टीने सारखी करू नका. अण्णांनी शिकवलेलं हे मला इंग्रजी अक्षरांनाही तसंच लागू पडलेलं दिसलं. दोन उभ्या काठ्या शेजारी आल्या, आय आणि एल, एच आणि एन, तर त्यांना जास्त जागा लागते. ओ, सी ही गोल अक्षरं थोडी जवळ यावीत. ए शेजारी व्ही आला तर दोघांना आणखी जवळ आणावं लागतं. गोल अक्षरं ओळीच्या केसभर वर आणि केसभर खाली गेली तरच इतरांच्या बरोबरीची दिसतात. बघायचं ते दोन अक्षरांमधल्या मोकळ्या रंगाकडे. तो सगळीकडे सारखा भरलेला वाटला पाहिजे. आधी कागदावर मांडा, रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा बघा. कंपनीचं नवं नाव सहसा पारदर्शक फिल्मवर अंतरासकट जुळवूनच येतं. तेव्हा हे करायची गरज नाही.

टेपवरचा कागद एका टोकाला थोडा सोलून बाहेर दुमडा. अक्षर खिडकीत बसवा, हलकेच टेकवा, मनासारखं झालं की तो दुमडलेला कागद खालून ओढून काढा. सगळं एकदम सोललंत आणि चुकीच्या जागी टेकलं, तर ही टेप सरकू देत नाही. काढून नवी टेपच लावावी लागते.

मग मऊ कापड ठेवून अंगठ्याने प्रत्येक अक्षर १०-१५ सेकंद दाबा, मधून कडेकडे. दाब जागोजाग, चौरस सेंटिमीटरला किलोभर असावा, म्हणजे अंगठा पांढरा पडेल इतका. २० मिनिटांत अशा टेपची साधारण निम्मी पकड येते, २४ तासांत नव्वद टक्के, ७२ तासांत पूर्ण. हे खोलीच्या तापमानाला. थंडीत आणखी वेळ लागतो. तीन दिवस गाडी धुऊ नका. पुढेही प्रेशर वॉशरचा फवारा हातभर लांबून मारा, अक्षरांच्या कडेवर तिरपा कधीच नको. तीन दिवसांनी प्रत्येक कोपरा नखाने हलकेच चाचपून बघा. कुठे उचललेला वाटला तर दाबत बसू नका, तेवढं एक अक्षर काढून नव्या टेपने लावा.

खिडक्या कापायच्या आधी ठशाची एक प्रत काढून घ्यायची सवय मला भावाच्या गाडीने लावली. ती प्रत आता त्याच्या गाडीच्या कागदपत्रांत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडी न घालता ठेवलेली आहे. कोपऱ्यात वर्ष लिहिलंय, मॉडेल लिहिलंय, आणि झाकणाच्या डाव्या कडेपासून पहिल्या अक्षराचं अंतर.